बुधीच्या टोपलीचा काठ

सबीहाच्या घरचं पनीर खरं की खोटं हे बघायचं असेल तर ते उलटं करावं. वरून काय, सगळंच पनीर पांढरं. पण सबीहाच्या पनीरच्या बुडाला बांबूच्या विणीचा ठसा असायचा, आणि त्या ठशाच्या बरोबर मधोमध हरभऱ्याएवढा एक उंचवटा. टोपली विणताना बुधी बुडातली एक पट्टी मुद्दाम सोडायची. "पान्याला वाट पायजे," म्हणायची. त्या वाटेनं निवळी गळून जायची आणि दूध तिथं जरासं खाली डोकावून थिजायचं. भिवंडीतली जुनी गिऱ्हाइकं पनीर हातात घेतलं की आधी तो उंचवटा अंगठ्यानं चाचपायची आणि मगच पिशवी उघडायची.

कोनच्या रस्त्यानं आत वळलं की दोन्ही अंगांना गोदामंच गोदामं. ती संपली की एकदम उघडं रान लागतं, ती सबीहाच्या सासऱ्यांची जमीन. पावसाळ्यात भात, त्यामागून वाल, आणि टेपाडाच्या बाजूला गवत. त्या गवतावर सबीहाच्या नऊ म्हशी पोसायच्या. टेपाडावर वारल्यांचा पाडा, तेरा घरांचा. पाड्यातले बापये भाताला यायचे, बाया गवत कापायच्या, बुधी टोपल्या विणायची, सबीहा पनीर करायची, आणि तिचा मुलगा एजाज मोटारसायकलला डबे बांधून ते टेमघरपासून बाजारापर्यंत पोचवायचा. यातलं एक जरी अडलं तरी बाकीच्यांच्या चुली अडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच कोणी कधी बोलून दाखवलं नाही.

सबीहा मूळची शहरातली, लूमवाल्यांच्या घरची. सतराव्या वर्षी लग्न होऊन इथं आली तेव्हा म्हशीच्या कुठल्या बाजूला बसून धार काढायची हेही तिला ठाऊक नव्हतं. ते बुधीनं शिकवलं. करडाच्या पोटाची सुकवलेली पिशवी मीठ-सिरक्यात भिजवायची, त्याचं चमचाभर पाणी कोमट दुधात सोडायचं, दूध थरथरायला लागलं की पळीनं थरावर थर टोपलीत उतरवायचे, हे सासूनं शिकवलं. टोपली विणायला पुन्हा बुधीनंच शिकवलं, हौस म्हणून, दुपारच्या वेळी ओट्यावर बसून. फक्त काठ शिकवला नाही. काठ बांधायची वेळ आली की बुधी पाठ फिरवून बसायची. सबीहा मानेवरून डोकावायला गेली तर कोपरानं ढकलायची.

"काठ शिकलीस तं मना कोन बोलवील?" असं म्हणायची आणि हसायची. तिच्या पुढच्या दोन दातांत चांगली काडी जाईल एवढी फट होती.

टोपल्या दरवर्षी नव्या लागायच्या. वाल शेंगेला आला की बुधी अकरा टोपल्या काठापर्यंत विणून, डोक्यावर घेऊन खाली उतरायची आणि काठ मात्र सबीहाच्या ओट्यावर बांधायची. त्याच दिवशी त्यात पनीर लावायचं आणि पहिला घास बुधीनं खायचा. याला टोपली उष्टावणं म्हणत. विणणारीनं उष्टावली की टोपली घरची झाली, तोवर ती विणणारीची. मुसलमानाच्या घरात ही कसली रीत, असं एका पाहुण्यानं विचारलं होतं. तेव्हा सबीहाची सासू म्हणाली होती, रीत दुधाची आहे, तुझ्या पोटात का दुखतंय?

सासू गेली, नवराही गेला. एजाज आता अठ्ठावीस वर्षांचा झाला. पहाटेपासून शेण ओढून त्याचा जीव विटला होता. त्याच्याबरोबरची पोरं मानकोलीच्या गोदामांत स्वच्छ कपड्यांत ड्युटी करत होती, आणि गोदामवाल्यांची माणसं याच्या जमिनीसाठी दोनदा येऊन चहा पिऊन गेली होती.

"अम्मी, हा रमझान शेवटचा बघू," तो म्हणाला. "माल उठला, गिऱ्हाईक वाढलं, तर म्हशी राहतील. नाही तर ईद झाली की मी सही करणार. मंजूर?"

"मंजूर," सबीहा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? जमीन मुलाच्या नावावर होती.

मग त्यानं बाजारातून भोकं पाडलेल्या साठ प्लास्टिकच्या टोपल्या आणल्या. धुतल्या की झालं, बुरशीची कटकट नाही. सबीहाला त्या आवडल्या नाहीत, पण मुलाचं मन धरायचं होतं. आणि नेमकी त्याच आठवड्यात बुधी अकरा टोपल्यांची उतरंड डोक्यावर घेऊन फाटकाशी उभी राहिली. अंगात ताप होता तिच्या, डोळे लाल झाले होते. ते सबीहाला दिसलं होतं. दिसलं नाही असं ती पुढं कितीदा तरी स्वतःला सांगत राहिली, पण दिसलं होतं.

"यंदा नको गं बुधी. एजाजनं प्लास्टिकच्या आणल्यात."

बुधीनं उतरंड खाली ठेवली नाही. "इनल्यात मी, बाय. काठ तेवढा बांधून जाते."

"नंतर बघू."

बुधीनं पाणी मागितलं. सबीहानं दिलं, फाटकाच्या आतून. पाणी पिऊन बुधी तशीच वळली आणि टेपाड चढायला लागली. पाचव्या दिवशी ती गेली. तिची सून सांगत होती, शेवटची दुपार भिंतीला टेकून बसली होती, एक टोपली मांडीत घेऊन.

प्लास्टिकचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. पनीर गुळगुळीत निघालं, साबणाच्या वडीसारखं. निवळी आत साचून आंबूस वास यायला लागला. बाजारातले महमूदचाचा एजाजच्या आज्यापासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी पनीर उलटं केलं, अंगठा फिरवला आणि डबा तसाच परत ढकलला. "बेटा, हे तुमच्या घरचं नाही," म्हणाले. एजाज परत आला तेव्हा अकरा डबे भरलेले होते, आणि रमझान चार दिवसांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी सबीहा टेपाड चढून पाड्यावर गेली. बुधी जाऊन तीनच दिवस झाले होते. सून ललिता मानकोलीला पॅकिंगच्या ड्युटीवर गेली होती, घराला नुसती कडी होती. शेजारणीला सांगून सबीहा आत शिरली. अकरा टोपल्या खुंटीला टांगलेल्या होत्या. उभ्या काड्या वर तशाच मोकळ्या, काठाची वाट बघत. खाली बुधीचं बसायचं गोणपाट अंथरलेलं होतं, मधोमध खोलगट. सबीहानं गोणपाटावर पाय पडणार नाही अशा बेतानं हात लांब केला आणि टोपल्या काढून घेतल्या.

घरी येऊन तिनं कात्रीनं त्या मोकळ्या काड्या छाटल्या. काठ येत नव्हता, म्हणून भावाच्या लूमवरचं पांढरं सूत गुंडाळून कडा आवळल्या. लूमवाल्याच्या लेकीला दुसरं काय सुचणार? सुतानं काहीही बांधता येतं, असं ती बापाच्या घरी शिकली होती. पनीर लावलं. संध्याकाळी ते बुडाला ठसा घेऊन, उंचवटा घेऊन, टणक आणि गोड वासाचं निघालं. उष्टावण करायचं तिच्या मनात आलं. पण मेलेल्या बाईला घास भरवायचा कसा? आणि टोपल्या न विचारता आणलेल्या. तो विचार तिनं तसाच गिळला आणि डबे भरले.

महमूदचाचांनी सगळं पनीर ठेवून घेतलं.

पहिल्या रोज्याला दुपारी सबीहा गोठ्याशेजारच्या पडवीत गेली तेव्हा खुंटीवरच्या टोपल्यांचं सूत सुटलेलं होतं. तुटलं नव्हतं, सुटलं होतं. सुटून त्याची नीट गुंडी करून कोणीतरी ओट्यावर ठेवली होती. आणि जिथं सूत होतं तिथं बांबूची एक नवी ओळ विणलेली होती.

तिला वाटलं पाड्यावरची कोणी बाई येऊन गेली असेल. पण पाड्यात काठाचं सोडाच, टोपली विणणारीही दुसरी कोणी उरली नव्हती. तिनं ओळीवरून बोट फिरवलं. पट्टी हिरवी होती, ओली, नुकती तासलेली. तिच्या घरात बांबूचं एक कांडं नव्हतं. छाटलेल्या काड्याही पुन्हा वर आल्या होत्या, बोटभर.

त्या दिवसापासून रोज एक ओळ वाढायला लागली. कधी, ते दिसायचं नाही. पण जोहरची, दुपारची नमाज पढून सबीहा पडवीकडे निघाली की आवाज यायचा. कोयत्यानं बांबू चिरताना येतो तसा, सर्र, आणि मग पट्टी पाण्यात बुडवल्याचा. ती दाराशी पोचली की बंद. गोठ्यात नऊच्या नऊ म्हशी उभ्या असायच्या. दुपारच्या उन्हात म्हैस उभी राहत नाही, बसते आणि रवंथ करते. या उभ्या, कान पुढं करून, सगळ्या पडवीकडं बघत, आणि एकीचंही तोंड हलत नसे. सबीहानं पहिल्या दिवशी "हाऽऽ बस" म्हणून त्यांना हटकलं. त्यांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

आणि पनीर? पनीर असं निघायला लागलं की सासूच्या हातालासुद्धा तसं आलं नव्हतं. टोपली उंच होत होती तसं पनीरही रोज थोडं उंच. चिरलं की आत थर मोजून घ्यावेत. टेमघरची दोन नवी दुकानं लागली. कोनच्या मशिदीतल्या इफ्तारीसाठी रोज दहा नग जायला लागले. गवताला पाड्यावरच्या चार बाया जास्त बोलवाव्या लागल्या. आठव्या रोज्याला एजाज डबे उतरवताना हसत होता, आणि हा मुलगा गेल्या दोन वर्षांत डबे उतरवताना हसल्याचं सबीहाला आठवत नव्हतं.

"त्या गोदामवाल्याला मी थांब म्हणालो," तो म्हणाला. "जल्दी काय आहे? आणि अम्मी, टोपल्या मस्त विणतेस तू. कधी शिकलीस?"

"बुधीनं शिकवलं," सबीहा म्हणाली.

आता तुम्हीच सांगा, कोण बोललं असतं? मुलगा हसतोय, म्हशी राहतायत, जमीन राहतेय. सबीहाही गप्प बसली. दुपारी पडवीकडं जायचं तिनं बंद केलं. खोलीचं दार लावून तस्बीहची माळ घेऊन बसायची आणि सर्र आवाज ऐकू येऊ नये म्हणून ओठ जरा मोठ्यानं हलवायची.

दहाव्या दिवशी टोपल्या आत वळायला लागल्या.

आधी तिच्या लक्षात आलं नाही. पळी आत जाताना अडकली तेव्हा कळलं. वीण सरळ वर न जाता तोंडाकडं कलत होती, जशी मासे धरायची खोईन कलते. काठ बांधलेला नसला की विणकरीण थांबणार कुठं? ती आपली विणतच जाणार. हे सबीहाला तेव्हा सुचलं नाही. तिनं कात्री घेतली आणि अकराही टोपल्यांच्या वरच्या ओळी कापून टाकल्या. कापलेले तुकडे चुलीत घातले. दुसऱ्या दिवशी कापलेलं सगळं भरून आलं होतं, वर दोन ओळी जास्त, आणि ओट्यावर तुकड्यांची मोळी बांधून ठेवली होती, जळलेल्या टोकांसकट.

तोंड आता मुठीएवढं राहिलं. दूध आत जायचं, पनीर धरायचं, पण बाहेर काढताना फुटायला लागलं. एजाजच्या कपाळाला आठी पडली.

"तोंड कशाला एवढं आवळतेस? सरळ ठेव ना."

"ठेवते," ती म्हणाली.

चौदाव्या रोज्याला दुपारी जायची तिची हिंमत नव्हती, पण इलाजही नव्हता. संध्याकाळच्या मालाचं पनीर सोडवायला हवं होतं. म्हशी उभ्या होत्या. तिनं एक टोपली मांडीत घेतली आणि कडेनं पनीर सैल करायला हात आत घातला. आत गार लागलं. मग मनगटाभोवती काहीतरी फिरलं. एक ओली पट्टी, सावकाश, एक वेढा. मग उभ्या काडीखालून दुसरा. बांगड्या भरताना कासारीण मनगट धरते तसं ते धरणं होतं, दुखत नव्हतं, पण सुटतही नव्हतं. सबीहानं ओढून बघितलं. टोपली हाताबरोबर आली.

 हाक मारायची तर कोणाला? ती तशीच बसून राहिली, हात बुधीच्या टोपलीत, समोर नऊ म्हशी. हाताच्या आसपास कोणीतरी श्वास घेत होतं, कामात गढलेलं माणूस नाकानं घेतं तसा. तंबाखू आणि ओल्या बांबूचा वास येत होता. असरची, तिसऱ्या प्रहराची अजान कानावर आली आणि पट्टी सैल पडली. हात बाहेर आला. मनगटावर विणीचा ठसा उठला होता, बारीक, चौकटीचौकटीचा, पनीरच्या बुडाला असतो तसाच. चोळला तरी गेला नाही.

त्या संध्याकाळी तिनं इफ्तारीला एक खजूर खाल्ला आणि बाकीचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ललिताला सुट्टी असणार म्हणून सकाळची धार काढून सबीहा टेपाड चढली. ललिता दारात बसून गोदामातला निळा शर्ट धूत होती. तिशीची बाई, हाताच्या बोटांना खोक्यांच्या चिकटपट्टीचे काप गेलेले. तिनं सबीहाच्या मनगटाकडं पाहिलं आणि शर्ट पिळायचा थांबवला.

"तुमी टोपल्या नेल्यात," ललिता म्हणाली.

"नेल्या. विचारायला हवं होतं."

"इचारायचा काय त्याच्यात. तुमच्याच घरासाटी इनलेल्या." ती उठली, हात लुगड्याला पुसले. "उष्टावल्या का न्हाय?"

सबीहानं ठशाचं मनगट पदराखाली घेतलं.

"तरीच," ललिता म्हणाली. "तिचा बारावा केला आमी. पीठ पसरून ठेवला व्हता दारात. पाऊल उमटलाच न्हाय. भगत बोलला, बाय गेलीच न्हाय. कामावर बसलीय. काम सरल्याबिगर उठायची न्हाय."

"मग तू चल. तू काठ बांध."

"मना येत न्हाय. तिनं कोनालाच न्हाय शिकवला. मी सून म्हनून आले तवा मागं लागले, तं म्हनाली, तू गोदामात जा, तितं पंखा हाय." ललिता हसली नाही. "माजं काय चुकला बाय, सांगा. पोट तं भरायलाच लागतो."

सबीहाला उन्हात उभं राहवेना. ती दाराच्या दगडावर बसली आणि मनात इतके दिवस दाबून ठेवलं होतं ते बोलली. "ललिता, मी तिला फाटकावरनं परत पाठवली. तिच्या अंगात ताप होता. मला दिसलं होतं. ती ओट्यावर बसली असती, काठ बांधला असता, घास खाल्ला असता. मी आत येसुद्धा म्हटलं नाही."

"मना ठावं हाय," ललिता म्हणाली. "घरी आली ती. म्हनली, सबीहाबायला घाई हाय. नंतर बगनार हाय ती. मंग रोज इचारायची, बोलावना आला का?"

सबीहानं पदर तोंडावर घेतला. रोजा होता, रडू नये असं काही नाही, पण तिला कोणासमोर रडायची सवय नव्हती. ललितानं बादली उचलून आत ठेवली आणि परत येऊन तिच्याशेजारी बसली.

सोमवारी सबीहानं सकाळच्या दुधाचं एकच पनीर लावलं, एका टोपलीत. बाकीचं दूध म्हशीच्या पारड्यांना सोडलं. एजाज ओरडला. तिनं त्याला एवढंच सांगितलं, "आज बुधीला बोलावणं करायचं आहे," आणि अकरा टोपल्या चादरीत बांधून डोक्यावर घेतल्या. मुलगा तोंड वासून फाटकाशी उभा राहिला. घरातली बाई उतरंड डोक्यावर घेऊन टेपाड चढताना त्यानं कधी पाहिली नव्हती.

पळस फुलला होता, वाट तापली होती. ललितानं ड्युटी बुडवली होती. घरात शेणानं सारवल्याचा वास होता आणि गोणपाट जागच्या जागी होतं, मधोमध खोलगट. सबीहा त्यावर बसली. बसताना खळगा तिच्या मापाचा निघाला नाही, जरा रुंद होता. तिनं भिंतीकडं तोंड केलं, दाराकडं पाठ.

आधी तिनं भरलेली टोपली तोंडाशी धरून पनीर सोडवलं. त्या दिवशी ते न फुटता आलं. पळसाच्या पानावर उलटं ठेवलं, उंचवटा वर करून, आणि पान भिंतीशी सरकवलं.

"बुधी," ती म्हणाली. "बोलवायला आलेय. तुझी टोपली तू उष्टाव."

काही झालं नाही. दाराशी ललिता उभी होती. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. मग त्या थांबल्या. पानावर दोन माश्या बसल्या होत्या त्या उठल्या आणि परत आल्या नाहीत.

सबीहानं पहिली टोपली मांडीत घेतली. काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. तिच्या बोटांनी आत वळलेल्या ओळी उसवायला सुरुवात केली, एक, दोन, पाच, आणि काठाच्या जागी येऊन थांबली. उभ्या काड्या मोकळ्या झाल्या. तिच्या हातांवर वरून हात आले. ओले, गार, अंगठ्याला घट्टा पडलेले. हात दिसत नव्हते. तिच्याच सावळ्या पडलेल्या बोटांना कोणीतरी धरून काडी वाकवत होतं, दोन सोडून तिसरीखालून, मागं, पुन्हा पुढं, आणि टोक विणीत लपवून नखानं दाबत होतं. सबीहानं डोळे मिटले नाहीत. तीस वर्षं मानेवरून डोकावून बघायला मिळालं नव्हतं, ते आता मांडीत दिसत होतं. तिला भीती वाटत होती, आणि भीतीबरोबर लाजही वाटत होती, की इतकं साधं होतं हे, आणि एवढ्यासाठी ही बाई जन्मभर पाठ फिरवून बसली.

अकरा टोपल्या झाल्या तेव्हा ऊन दारातून आत येऊन तिच्या पाठीवर पडलं होतं. हात तिचे तिला हलके वाटले. मनगटावरचा ठसा गेला होता.

ललिता वाकून पानाकडं बघत होती. पनीर तसंच होतं, फक्त मधला उंचवटा नव्हता. कोणीतरी तेवढाच चावून घेतला होता. चावल्याच्या जागी दातांच्या खुणा होत्या, आणि पुढच्या दोन दातांत फट होती.

त्या दुपारी म्हशी बसल्या. एजाजनं येऊन सांगितलं, सगळ्या खाली बसून रवंथ करतायत, आणि त्यानं ते असं सांगितलं की जणू त्यालाही इतके दिवस त्यांचं उभं राहणं दिसत होतं. सबीहानं त्याला विचारलं नाही. पनीर पुन्हा पूर्वीच्या उंचीचं निघालं, चांगलं, पण माणसाच्या हाताचं. महमूदचाचा अंगठा फिरवून हो म्हणाले. ईद झाली. गोदामवाला पुन्हा आला तेव्हा एजाजनं त्याला चहा दिला आणि म्हणाला, पुढचा रमझान बघू. प्लास्टिकच्या टोपल्यांत आता कोंबड्या अंडी घालतात.

ईदनंतरच्या पहिल्या रविवारी ललिता बांबूची पाच कांडी घेऊन खाली आली. फाटक उघडं होतं. सबीहा ओट्यावर गोणपाट टाकून बसली होती, मांडीत टोपली होती, काठाला आलेली.

"बाय, मना पन शिकवा काठ," ललिता म्हणाली. "पुडल्या साली म्हातारी न्हाय. कोनीतरी इनायला पायजे."

सबीहानं मान वर केली नाही. तिची पाठ आपोआप फिरली आणि कोपर बाहेर आलं.

"काठ शिकलीस तं मना कोन बोलवील?" ती म्हणाली.

आवाज तिचा नव्हता. शहरातली बाई ती, मना म्हणत नसे. ललिता कांडी हातात धरून जागीच उभी राहिली. सबीहाच्याही हातातली पट्टी थांबली. तिला बुधीच्या त्या हसण्यामागचं आता कळलं. तीस वर्षं ती त्याला थट्टा समजत होती आणि बुधी दर साली खरंच विचारत होती.

मग ती हळूच फिरली, ललिताकडं तोंड करून, आणि टोपली दोघींच्या मध्ये धरली.

"ये. बस. मी बोलवीन तुला," ती म्हणाली, यावेळी आपल्या आवाजात. "दरवर्षी बोलवीन. काठ येत असला तरी."

ललिता गोणपाटाच्या कडेला टेकली. तिचं अर्धं अंग ओट्याच्या बाहेर राहिलं.

"जरा सरका की, बाय."

"मी तर पार भिंतीला टेकलेय," सबीहा म्हणाली.

दोघींनी खाली पाहिलं. त्यांच्या मध्ये गोणपाटावर एका माणसापुरती जागा होती, खोलगट. तिथं दोघींपैकी कोणीच सरकलं नाही. सबीहानं टोपली त्या जागेवर ठेवली आणि पहिली काडी वाकवली.